सोळा उसांवरून फडाचा निकाल कसा लावतात?



तोडणी सुरू झाली की शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते. "साहेब, एकरात हजारो ऊस उभे, आणि तुम्ही सोळा ऊस बघून फड कच्चा म्हणता. हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त आहे. कच्चा फड तुटला तर उतारा पडतो, आणि दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने तोटा सर्वांनाच बसतो. उलट पक्का फड विनाकारण मागे ठेवला तर वजन घटून मालकाचे नुकसान. म्हणून हिशेब उघड मांडतो.

समजा, सरासरी २० ब्रिक्स भरली की फड पक्का, असे आधी ठरवले. सुरुवातीला आपण मालकाच्या बाजूनेच धरून चालतो की फड पक्का आहे. मग सोळा उसांचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला. सरासरी १९.२ आली, म्हणजे तूट ०.८.

एवढ्यावरून फड कच्चा म्हणायचा का? नाही. पक्क्या फडातही एक ऊस २१ दाखवतो, दुसरा १८. कमी गोडीचे ऊस योगायोगाने हाती जास्त लागू शकतात. म्हणून आकड्यांचा चढउतार मोजावा लागतो. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. ते १.६ आले असे धरू. सोळाचे वर्गमूळ ४. त्याने १.६ ला भागले की ०.४ येतात. नमुन्याच्या सरासरीत योगायोगाने साधारण एवढा फरक पडतो. आपली तूट याच्या दुप्पट आहे. सोळा नमुन्यांसाठी कोष्टकातील मर्यादा १.७५ पट. नेमक्या २० सरासरीच्या फडात तूट त्यापुढे जाण्याचा संभव शंभरात पाच. आपण ती ओलांडली, म्हणून फड थांबवायचा. शंभरात पाचांची चूक मात्र आपण पत्करली, हे लपवीत नाही.

ही रीत डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली. त्यांनाही थोड्या नमुन्यांवरच काम भागवायचे होते.

आता चारच ऊस पाहिले असते तर? सरासरी तीच, चढउतार तोच. पण १.६ ला २ ने भागून ०.८ येतात. तूट एकपटच, आणि मर्यादा २.३५ पट. फड कच्चा म्हणता येत नाही. पण म्हणून तो पक्का ठरला असेही नाही. पुरावा अपुरा पडला, एवढेच.

हा सगळा हिशेब नमुना सरळ असेल तरच खरा. बांधाकडेचे किंवा निवडून काढलेले जाडजूड ऊस दिले तर कोष्टक काय करणार? सगळ्या फडातून, न निवडता ऊस घ्यावेत. तेव्हा नमुना काढताना मालकाने स्वतः फडात हजर राहावे. निकालाची शंका वाटली तर जरूर सांगा. जास्त ऊस घेऊन पुन्हा पाहू.