पसरणी घाटाच्या पायथ्याशी

सकाळी ८ : वाईतल्या आमच्या गॅरेजसमोर महाबळेश्वरहून उतरलेली गाडी उभी. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. "मिस्त्री, डिस्कला टर्निंग मारून द्या, तेवढ्यात भागेल," मालक म्हणाले.

८.४० : पुढची चाकं उतरवली. पॅड जिथे पोचत नाही तिथे, डिस्कच्या कडेला, न झिजलेल्या बिडाची धार उभी राहिलेली. व्हर्निअरचे जबडे नेमके या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्कही जाड भरते. म्हणून मी मायक्रोमीटर लावतो. पॅड घासतो त्या पट्ट्यात, गोल फिरत आठ ठिकाणी. सर्वांत कमी माप आलं २०.३ मिमी. कंपनीने डिस्कवर कोरलेली किमान जाडी २०.

थरथर जायला दोन्ही बाजूंनी ०.२ तरी काढावं लागणार, म्हणजे उरणार १९.९. ही डिस्क लेथवर चढवायचीच नाही. बीड कमी झालं की उष्णता सामावायला जागा कमी. डिस्क लवकर तापते, आणि पॅड फार तापले की पेडल कितीही दाबा, गाडी हवी तिथे थांबत नाही. पसरणीच्या वळणावर हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. मालकांना मायक्रोमीटरवरचा आकडा दाखवला. ते नव्या जोडीला तयार झाले.

११ : दुसऱ्या गाडीला दुसरीकडे नव्या डिस्क बसवून महिना झालेला, तरी पेडल पायाला ठोके देतं. जाडी नव्यासारखीच. डायल गेज लावला तर डिस्क ०.१२ मिमी डुलते. डिस्क काढली, खाली हबवर गंजाची बारीक खपली तशीच ठेवलेली. वायर ब्रशने हब लख्ख केला, डिस्क परत बसवली : ०.०४. ना लेथ, ना नवा खर्च.

२ : तिसरीचे पॅड पत्र्यापर्यंत झिजून डिस्कला खोल चरे. माप २१.३, दोन्ही बाजूंनी ०.३ काढूनही २०.७ उरतं, किमान जाडीच्या वर. ही खुशाल लेथवर जावी. मात्र डावी-उजवी दोन्ही, आणि पॅड नवे.

५ : पहिल्या गाडीच्या नव्या डिस्कचं तेल पुसलं, नवे पॅड घातले, नट टॉर्क रेंचने आवळले. सुरूरच्या रस्त्याला नेऊन वेग पुन्हा पुन्हा हळूहळू कमी करत पॅड बसवून घेतले.

७ : किल्ली देताना मालकांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा. आणि कुणीही डिस्कला टर्निंग मारून दिलं, तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मापं मागून घ्या.