मागावर राहणारी यंत्रे

रानातले जनावर माणसाच्या नजरेआड गेल्यावर काय करते, हे शोधण्याची रेडिओ पद्धत १९६०च्या दशकात रुजली. अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी ग्रिझली अस्वलांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातल्या. कॉलरमधून ठरावीक वेळाने संदेश निघतो. हातातली अँटेना फिरवत तो कुठून मोठा ऐकू येतो ते बघायचे, दोन-तीन ठिकाणांहून दिशा घ्यायच्या आणि नकाशावर त्या रेषा जिथे छेदतील तिथे जनावर आहे असे समजायचे. खर्च कमी, पायपीट भरपूर, आणि मध्ये डोंगर आला की सगळेच ठप्प.

जीपीएस आल्यावर कॉलर स्वतःच आपले ठिकाण मोजू लागली. आता प्रश्न उरला तो मोजलेले ठिकाण माणसापर्यंत पोहोचवायचे कसे याचा, आणि त्याचे उत्तर जनावरागणिक वेगळे असते. उसात, गावाच्या कडेने वावरणाऱ्या बिबट्याला मोबाइल टॉवर पुरतात. २००९मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडले. पुढच्या सुमारे २५ दिवसांत १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याची ओळख पटली ती कातडीखालच्या, बॅटरीच नसलेल्या मायक्रोचिपवरून.

पक्ष्यांच्या बाबतीत सगळा हिशेब वजनाचा. यंत्र शरीराच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा संकेत आहे. अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा, म्हणून २०१३मध्ये नागालँडमधील ससाण्यांवर सौरऊर्जेवर चालणारे ५ ग्रॅमचे टॅग बसवले गेले.

समुद्रात मात्र टॉवर नाहीत आणि खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी फारशा जात नाहीत. कासव श्वासासाठी वर येते तेवढे क्षणच हाताशी असतात. त्यासाठी टॅगवर दोन उघडे धातूचे बिंदू असतात. पाण्याखाली त्यांच्यात वीज वाहते आणि टॅग गप्प राहतो. ते पाण्याबाहेर येताच संदेश सुटतो. डोक्यावरून जाणारा उपग्रह तो टिपतो. गाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तशाच फरकावरून कासवाची जागा काढली जाते.

कोकणात हा प्रयोग जानेवारी २०२२मध्ये झाला. अंडी घालून परत निघालेल्या मादीला अडवायचे, पाठ घासून कोरडी करायची, इपॉक्सीने टॅग चिकटवायचा आणि तो घट्ट बसेपर्यंत थांबायचे. वेळासच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’. २०२३मध्ये गुहागरला टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

संदेश थांबले की कासव ‘बेपत्ता’ झाल्याच्या बातम्या येतात. त्या घाईच्या असतात, कारण अँटेना मोडते, बॅटरी संपते, टॅग निखळून पडतो. उलट २०२१मध्ये ओडिशात पुढच्या वल्ह्याला नुसती धातूची क्रमांकपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. कोणत्या वाटेने आली ते पट्टी सांगू शकत नाही. पण पूर्व किनाऱ्यावरचे कासव पश्चिमेलाही अंडी घालते, हे तिच्यामुळेच कळले.