चोवीस कामट्यांचा आकाशकंदील

भाद्रपदातील पावसाची शेवटची झड ओसरून आकाश निवळले, ओढ्यांचे गढूळ पाणी स्वच्छ झाले आणि भाताच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकू लागल्या, म्हणजे शरद ऋतूचा अंमल सुरू झाला हे पंचांग न उघडताही मराठी गृहस्थाला कळते. आणि निसर्गाने आपले घर झाडूनपुसून ठेवलेले पाहून तोही आपले घर सजविण्याच्या उद्योगाला लागतो. या सजावटीतील जिन्नस पाहिले तर त्यांपैकी बहुतेक शेतातले, परसातले किंवा घरातल्या कोनाड्यातले असतात. नव्याच्या पौर्णिमेला कोकणात दारावर बांधली जाणारी लोंब्यांची जुडी, दसऱ्याचे झेंडूचे तोरण, अंगणातली रांगोळी, मुलांनी दगडमातीचा रचलेला आणि अळीव पेरून हिरवा केलेला किल्ला, यांतील एकही वस्तू टिकाऊ नाही आणि टिकावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. याच परिवारातला, परंतु रचनेच्या दृष्टीने सर्वांत प्रगल्भ असा जिन्नस म्हणजे घरी बांधलेला आकाशकंदील. चार आण्यांच्या सामग्रीतून भूमितीचा एक सुंदर सिद्धान्त सिद्ध करून दाखविणाऱ्या या वस्तूचा परिचय तिच्या योग्यतेच्या मानाने फारच थोड्यांनी करून घेतला आहे.

आकाशकंदिलाचा पूर्वज आकाशदीप. सूर्य तुळा राशीत असता सायंकाळी तिळाच्या तेलाचा दिवा उंचावर लावावा, असे धर्मशास्त्रकारांचे सांगणे आहे. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्ट यांनी १६१२ साली पूर्ण केलेल्या ‘निर्णयसिंधु’ या ग्रंथात कार्तिकातील कृत्ये सांगताना आकाशदीपाचा विधी दिला आहे. घराच्या जवळच पुरुषभर उंचीचा खांब रोवावा, त्याच्या शिरावर पट्ट्या अशा बसवाव्यात की आठ दिशांना आठ दळे फाकलेली दिसतील आणि मध्यभागी दीप ठेवावा, असा त्याचा आशय. पितृपक्षात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी हाही या दिव्याचा एक हेतू मानला जातो. काशीच्या पंचगंगा घाटावर उंच वेळूंच्या टोकाशी वेताच्या टोपल्यांतून कार्तिकभर दिवे टांगण्याचा रिवाज आजही चालू आहे. शास्त्राने खांब, चौकट आणि ज्योत एवढेच सांगितले होते. त्या चौकटीला वाऱ्यापासून आडोसा म्हणून कागदाचे कातडे चढले आणि धर्मकृत्याची हळूहळू गृहकला झाली.

या कलेचा कच्चा माल बांबू. महाराष्ट्रात डोंगरउतारावरील मानवेल, काटेरी कळक आणि सिंधुदुर्गाकडील माणगा अशा त्याच्या जाती परिचित आहेत. त्यांपैकी लांब पेरांचा, सरळ वाढलेला, फार कोवळा नाही आणि जूनही नाही असा बांबू कामट्यांना उत्तम. पूर्वी हे निवडण्याचे काम बुरुडावर सोपविले जाई. सुपे, टोपल्या, परड्या विणणाऱ्या या कारागिरांची स्वतंत्र आळी पुण्यासारख्या शहरात असे, आणि दसरा उलटला की तेथे कामट्यांच्या जुड्या विकावयास येत. आश्चर्याची गोष्ट अशी, की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ गवत असलेल्या या वनस्पतीची गणना १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वृक्षांत केली होती, आणि त्यामुळे आपल्याच बांधावरचा बांबू तोडून नेण्यासाठी शेतकऱ्याला वाहतुकीच्या परवान्याची दगदग सोसावी लागे; वृक्षांच्या या व्याख्येतून बांबू वगळण्याची दुरुस्ती व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले.

बांबू उभा चिरताना त्याची पाठ, म्हणजे बाहेरची चकचकीत साल, कामटीला राखून ठेवावयाची आणि आतला मऊ गीर तासून टाकावयाचा, कारण सगळे बळ त्या पाठीत असते. चिरलेल्या कामट्या लगेच बांधू नयेत. ओला बांबू वाळताना आकसतो आणि काल घट्ट बसलेली गाठ आठवड्याने सैल पडते, म्हणून त्यांना चार दिवस उन्हात ठेवणे शहाणपणाचे.

आता मुख्य रचना. एकाच लांबीच्या, समजा एक फुटाच्या, चोवीस कामट्या घ्याव्यात. टोकांना गाठीसाठी अर्धा अर्धा इंच अधिक ठेवावा. चार-चार कामट्यांच्या चार चौकटी बांधून त्या कोनावर उभ्या कराव्यात आणि शेजारच्या चौकटींचे बाजूचे कोन एकमेकांस बांधून त्यांचे कडे पुरे करावे. यांत सोळा कामट्या खर्ची पडतात. उरलेल्या आठांपैकी चार कामट्यांनी चौकटींचे वरचे चार कोन आणि चारांनी खालचे चार कोन जोडले, की वर एक आणि खाली एक असे दोन आडवे चौकोन तयार होतात, आणि उभ्या चौकटींच्या सांध्यांतून आठ समभुज त्रिकोण आपोआप उमटतात. त्यांच्यासाठी एकही जादा कामटी लागत नाही. सहा चौरस आणि आठ त्रिकोण असलेली ही आकृती आर्किमिडीजच्या नावे प्रसिद्ध असलेल्या तेरा घनाकृतींपैकी एक आहे. तिचा विशेष असा, की तिच्या बारा कोनांपैकी प्रत्येक कोन मध्यबिंदूपासून बरोबर एका भुजेच्या अंतरावर असतो; अर्थात मधोमध ठेवलेल्या ज्योतीपासून प्रत्येक गाठ नेमकी एका कामटीच्या अंतरावर येते आणि बाराही गाठींना उजेडाचा सारखाच वाटा मिळतो. ज्या आजोबांनी नातवंडांना ही बांधणी शिकविली त्यांनी ग्रीक भूमितीचे नावही ऐकलेले नसेल. परंतु वर्षानुवर्षांच्या हस्तपरंपरेने त्यांना त्याच उत्तरापाशी आणून सोडले होते.

चारांऐवजी सहा किंवा आठ चौकटींचा भारदस्त कंदील करावयाचा झाल्यास मात्र एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. उभ्या चौकटी फुटाच्या असल्या तरी वरखालची कडी जोडणाऱ्या कामट्या सहा चौकटींना पावणेपंधरा इंचांच्या आणि आठ चौकटींना साडेपंधरा इंचांहून थोड्या अधिक लांबीच्या घ्याव्या लागतात. नाहीतर चौकटी आत ओढल्या जाऊन कंदील वेडावाकडा होतो. सर्व कामट्या समान असण्याची सोय चार चौकटींच्याच कंदिलात आहे, आणि म्हणून नवशिक्याने आरंभ तेथूनच करावा.

बांधून झालेला सांगाडा हातात घेतला तर तो डगमगतो, आणि अननुभवी माणूस त्यामुळे खट्टू होतो. वास्तविक यात बांधणाऱ्याचा दोष नाही. त्रिकोण स्वभावतः ताठ असतो, तर चौकोन कोनांत मुडपतो, आणि या आकृतीतले चौकोन तिला डुलावयास लावतात. तिला स्थैर्य देण्याचे काम कागदाचे. कणकेची किंवा मैद्याची पातळ खळ शिजवून, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून (आणि ते विषारी असल्याने मुलांचे हात त्यापासून दूर ठेवून) उभ्या चौकटींवर व त्रिकोणांवर कागद चिकटविला, की खळ वाळताना कागद ताणला जातो आणि सांगाडा जागच्या जागी जखडला जातो. वीस इंच रुंद आणि तीस इंच लांब असा पतंगी कागदाचा ताव घेतला तर दोन तावांत चार चौकटी, दोन तावांत आठ त्रिकोण आणि पाचव्यात झिरमिळ्या व शोभेच्या कागदी करंज्या असा बेताचा हिशेब बसतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवावयाचा. खालून हवा आत येते, तापून वर निघून जाते आणि ज्योत कोंडत नाही. झिरमिळ्याही केवळ शोभेच्या नव्हेत; खालच्या बाजूस थोडा भार आल्याने वाऱ्यात कंदील गरगर फिरत नाही.

कागदाच्या निवडीवर उजेडाची जात ठरते. बाजारात जिलेटिन म्हणून मिळणारा चकचकीत पारदर्शक कागद डोळ्यांत भरतो खरा, पण त्यातून आतला दिवाच दिसतो. उलट पतंगी कागद उजेड स्वतःमध्ये मुरवून घेतो आणि कंदिलाची सगळी अंगे सारखी उजळतात. साध्या पांढऱ्या कागदावर गोडेतेलाचा हात फिरविला तर तेल त्याच्या तंतूंमधल्या पोकळीत भरून तो अर्धपारदर्शक होतो; पैशांची चणचण असलेल्या घरांतली ही जुनी तजवीज, आणि तिचा सायीसारखा उजेड महागड्या कागदालाही साधत नाही.

दिव्याच्या बाबतीत मात्र जुन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कागदाच्या घरात उघडी ज्योत ठेवणे नेहमीच जिवावरचे होते आणि एका झुळकेने अख्खा कंदील पेटल्याच्या कहाण्या प्रत्येक आळीत असत. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि पुढे यथाकाल विजेचा गोळा चाळींच्या गॅलऱ्यांपर्यंत पोहोचला. परंतु तारेचा तो दिवा बहुतांश विजेची उष्णताच करीत असल्याने जवळचा कागद करपत असे. आजचा एलईडी दिवा थंड जळतो, म्हणून कागदी कंदिलाला त्याच्याइतका सोयीचा सोबती आजवर मिळाला नव्हता.

कंदिलाच्या बांधणीत घरातील माणसांची वाटणीही ठरलेली असे. कामट्या चिरण्याचा मान वडीलधाऱ्यांचा, गाठी मारणे थोरल्या मुलांचे, खळ आईच्या देखरेखीखाली, करंज्यांची कातरकामे बहिणींची आणि दोरी धरून उभे राहण्याचे बिनकष्टाचे पण मोठ्या अभिमानाचे काम शेंडेफळाकडे. गोव्यात दिवाळीच्या सुमारास आकाशकंदिलांच्या स्पर्धा भरतात आणि त्यांतून हे घरगुती कौशल्य चारचौघांसमोर येते. तेथल्याच ख्रिस्ती घरांवर डिसेंबरात झळकणारा नाताळचा ताराही बांबूच्या कामट्या आणि कागद यांतूनच घडत आला आहे.

मुंबईत माहीमला दिवाळीपूर्वी जी कंदील गल्ली फुलते तेथे आज हरतऱ्हेचे तयार कंदील मिळतात. मध्यंतरी प्लॅस्टिकच्या घडीच्या कंदिलांनी बाजार व्यापला होता. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी जाहीर केली, आणि त्याच सुमारास ग्राहकांची रुचीही पालटू लागली. खणाच्या कापडाचे, वारली चित्रांचे, पालघरकडील आदिवासी स्त्रियांनी बांबूचे विणलेले कंदील आता हौसेने घेतले जातात आणि ‘पारंपरिक’ अशी चिठ्ठी लावलेल्या जुन्या घाटाच्या कंदिलाला चांगली किंमत येते. कारागिराच्या पदरात दोन पैसे पडत असतील तर या खरेदीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि जुना घाट विकत घेतला म्हणजे जुनी रीत घरात आली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आपल्या आजोबांच्या काळी कंदिलाचा थाट असा फारसा नव्हताच. कागद सुरकुतलेला, एखादी चौकट तिरकी, झिरमिळ्या आखूड-लांब असा तो असे. त्याची खरी मातबरी ही, की घरातल्या पाचसहा माणसांनी आठवडाभर एकाच वस्तूला हात लावलेला असे आणि त्यांतील लहानात लहान मुलालाही कोणती गाठ आपली हे ठाऊक असे. ही रीत दुकानात मिळण्यासारखी नाही.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की येत्या कोजागिरीला एक बांबू घरी आणावा. कोजागिरीपासून धनत्रयोदशीपर्यंत बारातेरा दिवसांची मुदत मिळते. त्यांतले चार दिवस कामट्या वाळण्यास, दोन संध्याकाळी बांधणीस आणि दोन कागदास पुरेत. चोवीस कामट्या, पाच ताव, वाटीभर खळ आणि सुताचे एक रीळ एवढा हा सरंजाम आहे, आणि घरात एक जरी लहान मूल असेल तर पहिली चौकट त्याच्याच हातून बांधवून घ्यावी.