बंदिस्त जागेतील काम आणि सुरक्षा व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना

कामाच्या ठिकाणी अपघात घडला की त्याची चौकशी बहुधा ‘चूक कोणाची?’ या प्रश्नापाशी येऊन थांबते. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे त्याचे सर्वांत सोयीचे उत्तर होय. कारण ते स्वीकारले की जागेची रचना, कामाची पद्धत आणि त्यासंबंधी निर्णय घेणारी यंत्रणा यांपैकी कशातही बदल करावा लागत नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तेव्हापासूनच्या काळात आपल्याकडे सुरक्षेविषयी पुष्कळ प्रबोधन झाले असून दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. तथापि घोषवाक्ये, भित्तिपत्रके आणि शपथा यांचा रोख पुष्कळदा कामगाराच्या सावधगिरीवरच राहतो.

सावधगिरी आवश्यक आहेच. परंतु ती सुरक्षा व्यवस्थापनाची जागा घेऊ शकत नाही. हे तत्त्व स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘बंदिस्त जागेतील काम’ हे उदाहरण घेतले आहे. येथे धोका माणसाच्या ज्ञानेंद्रियांना चकवतो. त्यामुळे अत्यंत दक्ष कामगारही केवळ दक्षतेच्या बळावर वाचू शकत नाही.

बंदिस्त जागा : संकल्पना

ज्या जागेत माणूस शिरू शकतो, पण जिचे प्रवेशद्वार अरुंद असते, जिथे हवा पुरेशी खेळत नाही आणि जी माणसाच्या सततच्या वावरासाठी बांधलेली नसते, तिला बंदिस्त जागा म्हणता येईल. रासायनिक कारखान्यातील टाक्या, बाष्पित्रे, सांडपाणी प्रक्रियेचे हौद, आसवनी प्रकल्पातील किण्वन टाक्या, धान्याची उंच कोठारे, जहाजांचे तळकप्पे, भुयारी गटारे आणि गृहनिर्माण संस्थांच्या मैलाटाक्या या सर्वांचा समावेश तीत होतो. ही यादी पाहता हा प्रश्न केवळ मोठ्या कारखान्यांचा नाही, हे सहज लक्षात येते.

धोक्याचे स्वरूप

स्वच्छ हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास ती हवा प्राणवायूच्या दृष्टीने अपुरी मानली जाते. प्रमाण आणखी घटल्यास प्रथम निर्णयशक्ती मंदावते, नंतर हातापायांतील बळ जाते आणि अखेरीस शुद्ध हरपते. बाहेर पडण्याची गरज कळेपर्यंत बाहेर पडण्याची क्षमता उरलेली नसते. ही स्थिती निर्माण होण्यास विषारी पदार्थच असावा लागतो असे नाही. रिकामी लोखंडी टाकी दीर्घकाळ बंद राहिली, तर गंजण्याच्या प्रक्रियेतच तिच्यातील प्राणवायू खर्च होतो. किण्वन टाकीत कर्बद्विप्राणिद वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो व तेथील हवा बाहेर ढकलतो.

मैलाटाकी आणि गटार येथे धोका अधिक गुंतागुंतीचा असतो. प्राणवायूविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निर्माण करतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला असता स्फोटक बनतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. अल्प प्रमाणात तो तत्काळ जाणवतो. मात्र हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग इतके त्याचे प्रमाण झाले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू निघून गेला’ असा निष्कर्ष येथे प्राणघातक ठरतो. प्रमाण १००० भागांच्या आसपास असल्यास एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. गाळाच्या थरात वायू अडकून राहिलेला असतो आणि गाळ ढवळला की तो एकदम मोकळा होतो. म्हणजे कामगार उतरला तेव्हा सुरक्षित असलेली हवा त्याने फावडे चालवताच विषारी होऊ शकते.

विहिरीत किंवा टाकीत पेटता दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत या दृष्टीने तपासून पाहावी. प्राणवायू १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर ज्योत विझते. तोवर हवा माणसासाठी अपुरी झालेलीच असते. हायड्रोजन सल्फाइडची घातक मात्रा ज्योतीला कळत नाही आणि मिथेन असल्यास दिवाच स्फोटाचे कारण ठरतो. सबब वायुमापक यंत्राला पर्याय नाही.

बचावासाठी धावणाऱ्यांचे मृत्यू

या अपघातांचे सर्वांत दुःखद वैशिष्ट्य असे की, मृतांमध्ये मदतीस धावलेल्यांची संख्या मोठी असते. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रानुसार बंदिस्त जागेतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक व्यक्ती बचावाचा प्रयत्न करणाऱ्या होत्या. आत उतरलेला सहकारी खाली पडलेला दिसतो; त्याला घेरी आली असावी असे वाटते; दुसरा उतरतो आणि त्याच हवेत कोसळतो. मग तिसरा उतरतो.

यास निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. सहकाऱ्याला वाचविण्याची ती स्वाभाविक आणि उदात्त प्रेरणा आहे. म्हणूनच त्या क्षणी ‘थांबा’ असे सांगून भागत नाही. कोणालाही आत न उतरता कोसळलेल्या व्यक्तीला वर काढता येईल, अशी सोय काम सुरू होण्यापूर्वीच उभी असली पाहिजे.

नियंत्रणांची उतरंड

सुरक्षा व्यवस्थापनशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो : धोक्याचे निर्मूलन, कमी धोक्याच्या पर्यायाची निवड, अभियांत्रिकी नियंत्रण, प्रशासकीय नियंत्रण आणि सर्वांत शेवटी व्यक्तिगत संरक्षक साधने. क्रमात जितके खाली जावे, तितके यश माणसाच्या वर्तनावर अधिक अवलंबून राहते.

हा क्रम मैलाटाकीला लावल्यास पहिला प्रश्न ‘कामगाराला कोणता मुखवटा द्यावा?’ हा नसून ‘माणूस आत उतरण्याची गरज आहे काय?’ हा ठरतो. शोषक पंप आणि उच्चदाबाच्या जलझोताची यंत्रे बहुतेक साफसफाई बाहेरून करू शकतात. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे २०१८ मध्ये ‘बँडिकूट’ हा गटार साफ करणारा यंत्रमानव वापरात आला. नवीन टाकी बांधतानाच मोठे झाकण आणि गाळ बाहेरून उपसण्याची सोय ठेवल्यास पुढील कित्येक वर्षांचा धोका आराखड्यावरच टळतो. याउलट उतरंडीच्या तळाशी असलेला साधा कापडी किंवा गाळणीचा मुखवटा प्राणवायू निर्माण करीत नाही. प्राणवायूच नसलेल्या हवेत बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे श्वसनयंत्रच उपयोगी पडते.

प्रवेश परवाना पद्धती

आत उतरणे अपरिहार्य असेल, तर लेखी प्रवेश परवान्याशिवाय काम सुरू होता कामा नये. या पद्धतीचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे होत.

(१) टाकीला जोडलेल्या सर्व नळ्या बंद करून व वीजपुरवठा तोडून त्यांना कुलूप लावणे.

(२) झाकणे उघडून यांत्रिक पंख्याने ताजी हवा खेळविणे. त्यासाठी शुद्ध प्राणवायू कधीही वापरू नये. त्याने आगीचा धोका कमालीचा वाढतो.

(३) प्राणवायू, ज्वलनशील वायू आणि विषारी वायू या क्रमाने हवेची चाचणी घेणे. ती वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही स्तरांवर घेणे व काम संपेपर्यंत चालू ठेवणे.

(४) आतील व्यक्तीस अंगपट्टा व जीवनदोर बांधणे आणि झाकणावर तिपाई व ओढयंत्र उभारणे.

(५) बाहेर एक प्रशिक्षित सहायक सतत उपस्थित ठेवणे. कोणत्याही परिस्थितीत त्याने आत उतरू नये.

परवान्याचे खरे महत्त्व कागदात नसून स्वाक्षरीत आहे. ‘ही जागा तपासली असून ती सुरक्षित आहे’ असे एक सक्षम व्यक्ती आपल्या नावानिशी सांगते. त्यामुळे जबाबदारी आत उतरणाऱ्याकडून निर्णय घेणाऱ्याकडे जाते. मात्र कार्यालयात बसून, चाचणी न घेता भरलेला परवाना हा परवाना नसल्याहून अधिक घातक असतो. तो खोटा विश्वास निर्माण करतो.

कायद्याची चौकट

ही तत्त्वे भारतीय कायद्याला नवीन नाहीत. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ नुसार घातक वायूची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत प्रवेश देण्यापूर्वी तो वायू काढून टाकण्याचे सर्व व्यवहार्य उपाय योजणे बंधनकारक होते. शिवाय सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन दिलेले लेखी प्रमाणपत्र, किंवा आत जाणाऱ्याकडे श्वसनयंत्र आणि बाहेरील व्यक्तीच्या हाती टोक असलेला दोर, यांपैकी एक आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अंमलात आली आणि हा अधिनियम तीत समाविष्ट झाला. कामाचे ठिकाण धोक्यापासून मुक्त ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, असे ही संहिता सांगते. परंतु ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. दोन-तीन मजुरांना ठेकेदारामार्फत बोलावणारी गृहनिर्माण संस्था या कक्षेत सहसा येत नाही.

ही उणीव काही अंशी हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नियुक्तीस प्रतिबंध व पुनर्वसन अधिनियम, २०१३ भरून काढतो. संरक्षक साधने व खबरदारीशिवाय गटार वा मैलाटाकी साफ करविणे हा त्यानुसार गुन्हा असून पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेची मैलाटाकी साफ करताना तीन कामगार मृत्युमुखी पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निश्चित केलेली ही रक्कम २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने तीस लाख रुपये झाली. भरपाई न्याय्य आहे. पण ती मृत्यूनंतर येते. शोषक यंत्राचे भाडे आणि वायुमापकाची किंमत तिच्या तुलनेत नगण्य आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ज्या धोक्याची जाणीव इंद्रियांना होत नाही, तेथे सुरक्षा ही मोजमाप, रचना आणि पूर्वतयारी यांवरच उभी राहते. दुसरी, बचावाची योजना हा कामाच्या योजनेचाच भाग असला पाहिजे. तिसरी, काम करवून घेणारा लहान असला म्हणून धोका लहान होत नाही. कारखान्याचा व्यवस्थापक, नगरपरिषदेचा अभियंता आणि गृहनिर्माण संस्थेचा सचिव या तिघांवरही एकच कर्तव्य येते : झाकण उघडण्यापूर्वी, माणसाला आत उतरविण्याची गरज आहे काय, हे प्रथम ठरविणे. त्या निर्णयाचा भार उतरणाऱ्या मजुरावर टाकता येणार नाही.