संतांकडे प्रार्थना मागावी का?

स्वर्गवासी संतांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे विनवावे का, हा ख्रिस्ती पंथांतील जुना वाद. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार दोन्ही पक्ष घेतात: पहिले वचन सर्वांसाठी प्रार्थना करायला सांगते, पाचवे ख्रिस्ताला एकमेव मध्यस्थ म्हणते. ल्यूथरपंथीयांच्या १५३०च्या आउग्सबुर्ग विश्वासनिवेदनाने संतांचे स्मरण मान्य केले, धावा नाकारला. १५६३मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने तो हितकारक ठरवला. मात्र संत स्वर्गात चर्चसाठी प्रार्थना करतात, हे ल्यूथरचा सहकारी मेलांख्टन यानेही १५३१मध्ये मान्य केले होते. त्यांना हाक मारण्याची आज्ञा शास्त्रात नाही, हा त्याचा आक्षेप. जिवंत शेजाऱ्याकडे प्रार्थना मागणे कुणालाच गैर वाटत नाही. मग कळीचा प्रश्न उरतो: मृत्यूपलीकडे आपली हाक पोचते का?