मुले झोपण्यापूर्वी ताट वाढावे

जून महिना आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक शाळा आणि दुसरी पेरणी. मुले नवी दप्तरे घेऊन शाळेत जातात, आणि आई-बाबा शेतावर. पुढे भाताची लावणी येते. मग घरची बाई चिखलातून वर येऊन, हातपाय धुऊन चुलीपाशी बसते तेव्हा सात वाजलेले असतात. भात, आमटी, भाकरी होईपर्यंत नऊ. तोवर धाकटे पोर दप्तरावरच डोके ठेवून झोपी गेलेले असते. त्याला उठवून दोन घास भरवायचे, की झोपू द्यायचे, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळ घरांना ठाऊक आहे.

शाळेत दुपारचे जेवण मिळते. ही योजना १९९५ साली देशभर सुरू झाली, आणि ती चांगलीच आहे. पण ते जेवण होते दुपारी एकच्या सुमाराला. तेथून रात्री नऊपर्यंत आठ तास होतात. त्यात मूल न जेवता झोपले, आणि सकाळी चहाबरोबर एखादा बटर खाऊन शाळेला पळाले, तर दुसऱ्या दुपारपर्यंत पूर्ण चोवीस तास त्याच्या पोटात धड काही पडत नाही. अशा मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, पोरगे आळशी आहे. खरे पाहिले तर ते उपाशी असते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचे तर नऊच्या आत अंथरुणावर पडलेच पाहिजे. म्हणजे साडेसात, फार तर आठला त्याचे ताट वाढलेले असावे. शेताची कामे सांभाळून हे जमते का? जमते. त्यासाठी नवी पक्वान्ने शिकायला नकोत, कामाची वेळ बदलली की पुरे.

वेळ जातो कुठे?

स्वयंपाकाला दीड तास लागतो असे आपण म्हणतो. त्यात निवडणे, धुणे, चिरणे, लसूण सोलणे, खोबरे किसणे आणि वाटण वाटणे यांतच निम्मा वेळ जातो. ही कामे संध्याकाळीच केली पाहिजेत असे नाही. म्हणून आम्ही कामाचे तीन वाटे करतो.

पहिला वाटा रविवारचा. दुपारी एक तास काढून आठवड्याचे तांदूळ व डाळी निवडून ठेवाव्यात. लसूण सोलून डब्यात ठेवावा. शेंगदाणे भाजून त्यांचे कूट करावे. कूट करताना बुरशी आलेले, काळे पडलेले व सुरकुतलेले दाणे काढून टाकावेत. अशा दाण्यांतील बुरशीचे विष यकृताला अपाय करते आणि ते भाजण्याने पुरते जात नाही.

दुसरा वाटा रात्रीचा, दोन मिनिटांचा. झोपण्यापूर्वी उद्याचे कडधान्य पाण्यात घालावे. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावे. संध्याकाळी शेतावरून याल तेव्हा त्याला मोड डोकावू लागलेले असतील.

तिसरा वाटा संध्याकाळचा. आता फक्त चुलीवरचे काम उरते, आणि ते अर्ध्या-पाऊण तासात आटपते.

डाळ लवकर का शिजत नाही?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७-९८ अंशांवरच उकळते. उकळीचे पाणी थोडे कमी गरम, म्हणून डाळ थोडी हट्टी. प्रेशर कूकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून पातेल्यात पाऊण तास घेणारी तुरीची डाळ कूकरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत मऊ होते. जळणही वाचते. मात्र कूकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळ किंवा कडधान्य असेल तर निम्माच भरावा. डाळीचा फेस वर येऊन शिट्टीचे भोक बुजले तर धोका असतो. ते भोक रोज उजेडाकडे धरून पाहावे.

ज्यांच्याकडे कूकर नाही त्यांनी भिजवणे चुकवू नये. भिजून मोड आलेली मसूर साध्या पातेल्यात झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावा. आंबट आधी घातले तर डाळ कडक राहते. घाई म्हणून सोडा घालण्याची सवय काही घरांत आहे. ती सोडावी. सोड्याने डाळीतले एक महत्त्वाचे जीवनसत्त्व, ब-१, नाश पावते.

शाळेच्या सहा रात्रींचा बेत

आज काय करू, हा विचार करण्यातही दहा मिनिटे जातात. बेत ठरलेला असला की हात आपोआप चालतात. आम्ही असा बेत धरला आहे.

सोमवार: मुगाच्या डाळीची खिचडी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, सहा ते सात वाट्या पाणी. जिरे, लसूण, हळद यांची फोडणी देऊन त्यात लाल भोपळ्याच्या फोडी किंवा मूठभर मेथी टाकावी. तीन शिट्ट्या कराव्यात. कूकर निवेपर्यंत कांद्याची कोशिंबीर होते.

मंगळवार: पिठले-भाकरी. एक वाटी हरभऱ्याचे पीठ, तीन ते साडेतीन वाट्या पाणी. पीठ थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कांदा, मिरची, लसूण, कढीपत्ता फोडणीला घालून उरलेले पाणी उकळावे आणि कालवलेले पीठ ढवळत ओतावे. झाकण ठेवून सात मिनिटे वाफ द्यावी. ज्वारीचे पीठ मात्र आधी मळून ठेवू नये. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नाही. कढत पाण्याने ते पीठ तेवढ्यापुरते बांधले जाते, आणि ठेवले तर भाकरी थापताना चिरते. एकेका भाकरीपुरते मळून लगेच थापावे.

बुधवार: मोडाच्या मसुरीची आमटी आणि भात. आमच्या भागात भातकापणीनंतर त्याच ओलीवर मसूर होते, तेव्हा ती पुष्कळ घरांत असतेच. कांदा-खोबरे आधी भाजून वाटून ठेवलेले असले तर एकीकडे आमटी, दुसरीकडे भात, अर्ध्या तासात दोन्ही तयार.

गुरुवार: थालीपीठ. याची भाजणी महिन्यातून एकदा दळून आणावी. एक किलो ज्वारी, पाव किलो गहू, पाव किलो तांदूळ, पाव किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, ५० ग्रॅम धणे, २५ ग्रॅम जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, गार झाल्यावर दळावा. संध्याकाळी त्यात चिरलेला कांदा, किसलेला दुधी किंवा हाताशी असेल ती पालेभाजी घालून थापायचे. बरोबर दही किंवा ताक.

शुक्रवार: अंडी. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या काही घरीही अंडे चालते. चार माणसांना पाच-सहा अंडी, दोन कांदे, एक टोमॅटो. भुर्जी दहा मिनिटांत होते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. परसात चार कोंबड्या असतील तर पहिली अंडी घरच्या मुलांना द्यावीत, उरलेली बाजाराला. आपण पुष्कळदा याच्या उलट करतो.

शनिवार: शाळा सकाळची, म्हणून थोडी सवड असते. नाचणीची भाकरी आणि सुकट. सुकट निवडून, तव्यावर कोरडी भाजून, धुऊन घ्यावी व कांद्याबरोबर परतावी. सुकी मासळी खारवलेली असेल तर मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, म्हणजे कॅल्शियम. वाढत्या हाडांना ते लागते.

हा बेत असाच का?

तांदूळ, ज्वारी, गहू यांच्या प्रथिनांत जो अंश कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी, तो धान्यात असतो. दोन्ही एकाच जेवणात आली तर एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन वाटे धान्य आणि एक वाटा डाळ हे प्रमाण आपल्या आजीबाई हातानेच घेत असत. नुसता भात आणि पातळ पाणीदार आमटी दिली तर पोट भरते, पण अंगी लागत नाही.

ताटावर लिंबाची फोड ठेवावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतले व पालेभाजीतले लोह शरीराला अधिक मिळते. चहा याच्या उलट वागतो. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा देऊ नये. निदान एक तास जाऊ द्यावा.

शाळेतून मूल साडेचारला येते तेव्हा त्याला चहा-बिस्किट देण्यापेक्षा मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा, एखादे केळे किंवा उकडलेले रताळे द्यावे. रताळी तर आपल्याच शेतातली. मग ते साडेसातपर्यंत दम धरते. पुडीतल्या तयार शेवयांनी पाच मिनिटांत काम होते हे खरे. पण त्या बहुतेक मैद्याच्या, तेलात तळलेल्या व फार मिठाच्या असतात. अडीनडीला एखाद्या दिवशी ठीक, रोजचे जेवण म्हणून नव्हे.

शिळ्या भाताविषयी

घाई म्हणून सकाळीच जास्त भात करून तो संध्याकाळपर्यंत पातेल्यात झाकून ठेवू नये. भाताबरोबर येणारे काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात व विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उलट्या-जुलाब होतात ते यामुळे. फ्रिज असेल तर भात परातीत पसरून लवकर गार करावा, दोन तासांच्या आत आत ठेवावा, आणि खाताना चांगली वाफ येईपर्यंत तापवावा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच ताजा लावावा. भाकरीचे तसे नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी कुस्करून, फोडणी देऊन, वर दाण्याचे कूट घालून मुले आवडीने खातात.

परसातला वाफा

भाजी बाजारातून आणायची म्हटली की तेथेही वेळ जातो. मोरीचे पाणी जाते तेथे दोन वाफे करावेत. मेथी व राजगिरा पेरल्यापासून महिन्याभरात काढायला येतात. एक वाफा आज पेरला तर दुसरा पंधरा दिवसांनी पेरावा, म्हणजे खंड पडत नाही. कुंपणाला एक शेवगा असावा. त्याच्या शेंगा आपण खातो, पालाही खावा. मूठभर पाला डाळीत टाकायला एक मिनिट पुरते.

हे काम एकटीचे नव्हे

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाई दिवसभर शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबते, आणि घरी आल्यावर तो ओसरीवर बसतो, ती चुलीपाशी. जेवणाला उशीर होण्याचे मोठे कारण हे आहे. कांदा चिरणे, कूकर लावणे, पाणी भरणे ही कामे बाबांनाही येतात. दहा वर्षांचे मूल लसूण सोलू शकते, ताटे मांडू शकते, आणि हे मुलीने करावे तसेच मुलानेही करावे. फक्त कूकर व उकळते तेल यांपासून लहानांना दूर ठेवावे. आमच्या घरी थोरला मुलगा कोशिंबीर करतो. सुरुवातीला मीठ जास्त पडायचे. आता पडत नाही.

सगळे एकाच आठवड्यात जमणार नाही. एक सवय आधी धरावी: रात्री दिवा मालवण्यापूर्वी उद्याची मसूर भिजत घालणे. दोन मिनिटांचे काम. ते झाले की दुसऱ्या दिवशी साडेसातला ताट वाढलेले दिसेल, आणि ताटापाशी मूल जागे असेल.