रिकामी समजलेली तोफ

तर्कशास्त्र शिकणाऱ्या बटूला आरंभींच धुराचा दृष्टान्त घोकावा लागतो. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि आहे. अनुमान निर्दोष खरें; परंतु धूर एकीकडचा पाहून अग्नि दुसरीकडे मानला, तर केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण आरमाराच्या इतिहासांत सांपडतें.

इंग्रजांच्या आरमारांत ‘थंडरर’ नांवाची चिलखती युद्धनौका होती. ता. २ जानेवारी १८७९ रोजीं मार्मारा समुद्रांत तिच्यावर तोफा डागण्याचा सराव चालला होता. पुढच्या बुरुजांत १२ इंच व्यासाच्या व प्रत्येकी ३८ टन वजनाच्या दोन तोफा शेजारीं शेजारीं होत्या. त्या तोंडाकडून भरण्याच्या. तोंडें बुरुजाबाहेर, आणि दारूगोळा आंत सारण्याचें काम पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राकडे. त्यामुळें नळींत काय आहे, हें बुरुजांतल्या गोलंदाजांना दिसत नसे.

दोन्ही तोफा एकदम डागण्याचा हुकूम झाला. मोठा आवाज झाला, धूर पसरला. वस्तुतः एकच तोफ उडाली होती. पण दोहोंचा आवाज एकांत एक मिसळला, अशी सर्वांची समजूत झाली. लागलीच दोन्ही तोफा पुन्हां भरल्या. न उडालेल्या तोफेंत पहिल्या दारूगोळ्यावर दुसरा बसला. पुढच्या बाराला ती फुटली. ११ जण ठार व ३५ जखमी झाले.

चौकशी-समितीचा हा निष्कर्ष पुष्कळांना पटेना. तेव्हां जोडीची शाबूत राहिलेली तोफ वुलिच येथें नेऊन तींत मुद्दाम दुहेरी भरणा करण्यांत आला. तीहि तशीच फुटली. पुढें इंग्रजी आरमार मागून भरण्याच्या तोफांकडे वळलें, त्याच्या कारणांपैकीं हा अपघात एक होय. मागून भरण्याच्या तोफेच्या नळींतून आरपार पाहतां येतें.

तोफेचें जें, तेंच रायफलीचें. रायफल रिकामी करतांना प्रथम काडतुसांची पेटी काढावयाची, मग बोल्ट ओढावयाचा. क्रम उलटला, तर बोल्ट पेटींतलें नवें काडतूस नळींत बसवितो. आणि मागाहून पेटी काढणारा मात्र निर्धास्त होतो! तसेंच, चाप ओढूनहि बार झाला नाहीं, तर नळी लक्ष्याकडेच धरून थांबावयाचें. कारण काडतूस क्वचित् क्षणभर उशिरानें पेटतें.

मी शाळेंत असतां एकदां एन. सी. सी.च्या मुलांबरोबर चांदमारीच्या मैदानावर गेलों होतों. प्रत्येकास पांच काडतुसें मिळालीं होतीं. एक मुलगा छातीठोकपणें म्हणाला, “पांचही गोळ्या झाडल्या.” आमचा हुशार विद्यार्थी, मीं मान डोलाविली. हवालदार मात्र शांतपणें म्हणाले, “तरी बोल्ट उघडून दाखव.” बोल्ट उघडतांच एक काडतूस गवतावर पडलें. त्याची गोळी तशीच होती. मुलानें पांचव्यांदा चाप ओढला होता खरा, पण त्याच्या कानीं आला तो बार शेजाऱ्याचा होता.

तो मुलगा पांढराफटक पडला. हवालदार रागावले नाहींत. त्यांनीं वांकून रायफलीच्या नळींत पाहिलें, मग मलाहि पाहावयास लाविलें. आयुष्यभर मुलांना अनुमान शिकविलें. प्रत्यक्षाचा मान त्याहून मोठा कां, हें मला त्या दिवशीं कळलें.